खिडकीच्या कपाळावरची पाटी

फळ्यावरचा कागद पाण्याच्या जारच्या बरोबर वर होता. पेला भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वाचून व्हायचा. ‘रविवारच्या परीक्षेचा निकाल माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’ खाली सही, सत्यशीला. अक्षर तिचं होतं. शब्द रविकिरणचे होते. कागद पिनेनं टोचला तोही रविकिरणनंच.

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतली ती इमारत. खाली बारदान शिवतात आणि वर शिकवणी वर्गांचे निकाल लागतात. उदगीरपासून नांदेडपर्यंतची अकरा हजार लेकरं दर रविवारी परीक्षा देतात. उत्तरांचे कागद यंत्रातून जातात, बुधवारी गुण लागतात. मालक हणमंतराव. सगळ्या मशीनींचा जिम्मा रविकिरणकडे. तो इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं काढून आलेला, आणि त्या दोन वर्षांचं नाव दिवसातून दोनदा घेणारा.

सत्यशीला अर्धापूरची. आयटीआयचा वायरमनचा कोर्स केलेली. वर्गात एकोणतीस पोरं आणि ही एकटी मुलगी. तीन वर्षं कंत्राटदाराकडं विजेच्या लाइनवर काम केलं. तिथं एक रीत होती. माणूस खांबावर चढला की खाली डीपीवर, म्हणजे स्विचच्या पेटीवर, पाटी टांगायची, तिच्यावर वर गेलेल्याचं नाव. पाटी आहे तोवर स्विचला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची; मालक आला तरी त्यानं काढायची नाही. ही रीत मोडलेला एक माणूस तिनं पाहिला होता. त्याची किंमत खांबावर चढलेल्या दुसऱ्यानं दिली; तो खाली आला, पण चालत आला नाही.

हणमंतरावांकडं ती आली ती केबल ओढायला. चौतीस केबली तिनं एकटीनं ओढल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी बांधली आणि वहीत मांडणी लिहिली: कोणती केबल कोणत्या मेजाला जाते, त्या मेजाच्या मशीनचा नेटवर्कमधला आकडी पत्ता कोणता. पत्ते ठरवताना तिनं हट्ट धरला होता की केबलीचा जो नंबर तोच पत्त्याच्या शेवटी पाहिजे. रविकिरण तेव्हा हसला होता. “बाई, पत्ते मशीन आपोआप घेते. एवढी मगजमारी कोण करतं?”

“मी करते,” ती म्हणाली. आणि केली.

काम पाहून हणमंतरावांनी तिला मेज तीनवर बसवलं. तिथं ती वर्षभरात कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहायला शिकली. निकाल साठवणाऱ्या मशीनी दोन होत्या. एकीवर खरे निकाल. तिला सगळे ‘खरी’ म्हणत. दुसरी तशीच, पण प्रयोगासाठी, ती ‘सराव’. मेजावर बसून दोन्हींकडं खिडकी उघडता यायची, आणि दोन्ही खिडक्या दिसायला एकसारख्या. वरच्या पट्टीवर दोन्हीकडं एकच शब्द: टर्मिनल. सगळे जण एकाच नावानं आत जायचे, कारण वेगळी नावं ठेवायचा रविकिरणला कंटाळा.

एका मंगळवारी दुपारी सत्यशीला सरावावरचे जुने निकाल पुसत होती. त्याच वेळी खरीवरचे रविवारचे निकाल गेले. नोंदीत एकच होतं: सामायिक नावानं पुसले. हणमंतराव बाहेर आले.

“कोण पुसायलं होतं?”

सत्यशीला म्हणाली, “मी पुसायले होते. पण सरावावर.”

“सराव कोणती अन् खरी कोणती, हे तुम्हाला दिसलं कसं?” रविकिरणनं विचारलं. “दोन्हीवर टर्मिनलच लिहिलंय. सांगा ना, वायरमनबाई.”

खिडकी तोवर बंद केली होती. तिनं आठवून पाहिलं आणि खरंच सांगता येईना. पुढचे चार दिवस रात्रंदिवस सगळ्यांनी अकरा हजार कागद पुन्हा यंत्रातून काढले. पाचव्या दिवशी रविकिरणनं मजकूर सांगितला, तिनं लिहिला, सही केली. हणमंतरावांनी तिला की-बोर्डवरून उठवून पुन्हा शिडीवर चढवलं.

शिडीचं तिला काही वाटलं नाही. शिडी तिची जुनी सोबतीण. डाचलं ते वेगळंच. तीन वर्षं लाइनवर काढली, एकदाही तिचा हात चुकीच्या तारेला गेला नव्हता. आता आपल्याच डोळ्यांवरचा आपला भरवसा गेला होता. कुलूप लावून निघाली की ती अर्ध्या रस्त्यातून परतून कुलूप ओढून पाहायची.

स्टोअरमध्ये एक टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. तिनं तो पुसला, पंखा बदलला, सरावाला जोडला. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. दहा मिनिटांत भाकरी खायची आणि पन्नास मिनिटं तिथं बसायचं. असं तिनं आठवड्यातले सहा दिवस केलं.

तिला हवं होतं ते साधं. डीपीवर पाटी असते तशी प्रत्येक खिडकीच्या कपाळावर पाटी पाहिजे. कोणती मशीन, कोण बसलंय, काय चाललंय.

आधी तिनं पाट्या हातानं लावल्या. खिडकीला एक खास खूण पाठवली की तिच्यापुढचे शब्द पट्टीवर जातात, आणि शेवटी दुसरी खूण आली की थांबतात. पहिल्या दिवशी ती शेवटची खूण द्यायला विसरली. खिडकीनं पुढचं सगळं लिहिणं गिळलं आणि गप बसली. दुसऱ्या दिवशी जमलं. आठवडाभर ती खिडकी उघडली की पाटी लिहायची. सातव्या दिवशी पाटी कशी दिसते ते पाहायला ती खरीत डोकावून आली, आणि तिनं पाहिलं, पाटीवर अजून ‘खरी’ आहे आणि ती केव्हाच बाहेर येऊन सरावावर काम करतेय. पाटी मागचीच राहिली होती.

ती पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसली. पाटी नसली तर माणूस निदान भिऊन काम करतो. खोटी पाटी असली तर निर्धास्त मरतो.

म्हणजे हातानं लावलेली पाटी कामाची नाही. दर वेळी आपोआप बदलली पाहिजे. काळ्या खिडकीत आपले हुकूम घेणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला शेल म्हणतात. एक काम संपलं की तो ‘पुढचं बोला’ अशी खूण दाखवून थांबतो. तिला वाचताना सापडलं की ती खूण दाखवण्याआधी दर वेळी एक ठरलेलं काम कर, असं शेलला सांगून ठेवता येतं. हुकूम सुटण्याच्या आधीही एक काम सांगता येतं. मग तिनं दोन्हीकडं पाटीच ठेवली. थांबला असशील तर मशीन आणि तिच्यातली जागा, म्हणजे कोणता फोल्डर, ते लिही. हुकूम चालू असेल तर तोच लिही. पुसण्याचा हुकूम असेल तर तो इंग्रजी दोन अक्षरांत न लिहिता मराठीत लिही: पुसणं चालू.

चौदा ओळी झाल्या. त्या चौदा ओळींना तिच्या बेचाळीस दुपारी लागल्या. खोडलेल्या ओळी वेगळ्या.

‘कोण बसलंय’ हे उरलं होतं. सगळे एकाच नावानं आत जातात, मग मशीनला माणूस कळणार कसा? माणूस कळत नव्हता, पण तो कोणत्या पत्त्यावरून आला हे मशीनला कळत होतं. शेलजवळ तो पत्ता लिहिलेला असतो. तिनं तो पाहिला. शेवटचा आकडा तेरा. तेरा नंबरची केबल स्टोअरला जाते, ती तिनंच ओढली होती. अकरा मालकांची, बारा मेज दोनची, म्हणजे रविकिरणची. वहीतली मांडणी तिनं मशीनला दिली. पाटी बोलू लागली: सराव, स्टोअर, जुने निकाल.

आणि मग तिचा हात थांबला. पत्ता आत्ताचा कळतो, तर मागचाही कुठं लिहिला असेल.

होता. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून कुणी आत आलं याची यादीच मशीन ठेवते. तिनं सरावावरून खरीची यादी वाचायची परवानगी हणमंतरावांकडून घेतली, केबलीच्या तपासणीचं कारण सांगून. तो मंगळवार काढला. तिच्या मेजावरून त्या दिवशी खरीत कुणी गेलेलंच नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही नाही. निकाल गेले त्या वेळी खरीत एकच खिडकी उघडी होती. पत्ता बारानं संपणारा.

त्या संध्याकाळी तिनं कुलूप लावलं आणि परत न फिरता घरी गेली.

आईला, पंचफुलाबाईला, तिनं फोनवर सांगितलं. पंचफुलाबाई म्हणाली, “मग दे की कागद मालकाच्या हातात. वाट कुणाची बघायलीस?”

“कागद दिला तर रविकिरण म्हणंल, हिनंच बनवलाय. माझ्याकडून त्यानं कागदच लिहून घेतलाय, आई. कागदाला कागद नको. सगळ्यांच्या डोळ्यांनी दिसू दे.”

“लई डंख धरलास.”

“हाव.”

तिनं पाटी हणमंतरावांना दाखवली. रविकिरण तिथंच होता. “शाळेतल्या वहीला लेबल लावतात तसं?” तो म्हणाला. पण मेज चारवरच्या चांगुणाला ते आवडलं. चांगुणा उदगीरची, सत्यशीलाला अक्का म्हणणारी. ती म्हणाली, “मालक, माझ्याबी खिडकीला लावा. मला रोज भ्या वाटतं.” हणमंतरावांनी सगळ्या मेजांना लावायला सांगितलं. सत्यशीलानं आणखी एक मागणी केली: रोज दुपारी चार वाजता खरीवरच्या निकालांची नक्कल आपोआप स्टोअरच्या डिस्कवर पडू द्या. “कर,” ते म्हणाले. ते काम खरं तर रविकिरणचं होतं. त्यानं हरकत घेतली नाही. आपलं काम दुसरं कुणी करत असेल तर तो कधीच हरकत घ्यायचा नाही. नक्कल तिनं तीनदा सरावावर उतरवून पाहिली. तिन्ही वेळा अकरा हजार भरली.

मग तिनं काहीच केलं नाही. शिडी, केबल, चिठ्ठी. पाणी पिताना स्वतःचा कागद वाचायचा.

तिला एक माहीत होतं. रविकिरण पाटी वाचत नाही. दोन महिने तिनं शिडीवरून पाहिलं. त्याच्या चार खिडक्या एकामागं एक असत, आणि तो बोटांच्या सवयीनं दुसरीवर जायचा, कारण दुसरी नेहमी सरावाची. पाटीकडं डोळा नाही. जो वाचत नाही त्याच्यासाठी पाटी लावली काय, न लावली काय. पण आजूबाजूच्यांना वाचता येतं.

सातव्या महिन्यात वर्गवाल्यांची बैठक ठरली. बारा-तेरा गुरुजी आले. पुढं खुर्चीत उदगीरचे रामकिशन सर, सगळ्यांत मोठ्या वर्गाचे. भिंतीवर पडदा. पडद्याची केबल सैल होती, म्हणून सत्यशीला मागं शिडीवर चढून दोन्ही हातांनी ती धरून उभी. मेज दोनचं सगळं पडद्यावर दिसत होतं.

रविकिरणनं पाटीपासूनच सुरुवात केली. “मागं आमच्याकडं एका कर्मचाऱ्याकडून गलती झाली होती. त्यानंतर आम्ही ही सोय विकसित केली. आता तसं होणं शक्य नाही. मी तुम्हाला करूनच दाखवतो. ही सरावाची मशीन. हिच्यावरचे निकाल पुसले तरी खऱ्याला धक्का लागत नाही.”

बोलताना तो गुरुजींकडं पाहत होता. बोटं दुसऱ्या खिडकीवर गेली. त्या दिवशी सकाळी वीज गेली होती, मशीनी पुन्हा चालू झाल्या होत्या, आणि घाईत त्यानं खिडक्या उलट्या क्रमानं उघडल्या होत्या.

पडद्यावर हातभर अक्षरात पाटी आली: खरी, मेज २, रविवार निकाल.

सत्यशीलानं ती वाचली. रविकिरण हुकूम लिहीत होता. पुरा लिहायला त्याला सहा-सात सेकंद लागले असतील. तेवढ्यात ‘थांबा’ म्हणता येतं. लाइनवर तिनं अनोळखी माणसालाही ओरडून थांबवलं असतं. पण इथं खांबावर कुणी नव्हतं. नक्कल स्टोअरमध्ये होती, तीनदा तपासलेली, काल चारची. तिनं ओठ मिटले आणि केबल घट्ट धरली.

त्यानं एंटर दाबलं.

पाटी बदलली: खरी, मेज २, पुसणं चालू.

अकरा हजार लेकरांच्या कागदांची चित्रं पुसायला मशीनला वेळ लागतो. पाटी पडद्यावर तशीच थांबली. रविकिरण गुरुजींकडं पाहून हसत होता. रामकिशन सरांनी चष्मा वर केला.

“अहो, वर काय लिहिलंय हे? खरी म्हणजे?”

रविकिरण वळला. वाचलं. मग सापावर पाय पडल्यासारखे त्याचे हात की-बोर्डवर पडले. हुकूम थांबला तोवर निम्मे गेले होते. खालून शिलाई मशीन ऐकू येत होती.

आणि तो सवयीनं बोलला. तोंडाला तेच वळण होतं. “सत्यशीला! काय केलं तुम्ही?”

सगळ्यांनी मागं पाहिलं. ती शिडीवर, दोन्ही हात वर, हातात केबल.

“माझे दोन्ही हात इथं हायेत, सर,” ती म्हणाली. “पाटी वाचा. मोठ्यानं वाचा.”

तो वाचेना. मागच्या रांगेतल्या एका गुरुजींनी वाचली. “खरी. मेज दोन.” मग रामकिशन सरांनी विचारलं, “मेज दोन कोणाचं?” चांगुणा कोपऱ्यातून म्हणाली, “सरांचंच की.”

हणमंतरावांनी गुरुजींना चहाला खाली पाठवलं. तिघं केबिनमध्ये आले. सत्यशीलानं पिशवीतून त्या मंगळवारची यादी काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी केबलींची वही. बोट ठेवून दाखवलं: वेळ, पत्ता, केबल, मेज. हणमंतरावांनी ते दोनदा पाहिलं.

“रविकिरण?”

“घाईत झालं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, ती पण पुसायलीच होती, तर…”



“निकालाचं काय?” हणमंतरावांचा आवाज चिरका झाला. “खाली तेरा माणसं बसलीत.”

“नक्कल हाय माझ्याकडं,” सत्यशीला म्हणाली. “वीस मिनिटांत परत टाकते. पण आधी कागद, मग निकाल.”

“कसला कागद?”

“त्यानं लिहायचा. मजकूर मी सांगते. मला सांगितला होता तसाच.”

रविकिरणनं मालकांकडं पाहिलं. मालक खिडकीबाहेर पाहत होते. त्यानं लिहिला. शब्द तेच होते, ‘निष्काळजीपणामुळे’ सुद्धा. फक्त तिनं एक ओळ जास्त सांगितली: ‘आणि त्याचा दोष मी दुसऱ्यावर टाकला.’ त्या ओळीला त्याचं पेन दोनदा थांबलं. ती घाई न करता उभी राहिली.

मग तिनं त्याला पाण्याच्या जारापाशी नेलं. तिचा कागद सात महिन्यांत पिवळा पडला होता. “काढा,” ती म्हणाली. “तुम्ही लावला होता. ज्यानं लावली त्यानंच काढायची, अशी रीत आहे.” त्यानं पिन काढली. त्याच भोकात तिनं स्वतःच्या हातानं त्याचा कागद टोचला.

मग ती स्टोअरमध्ये गेली आणि अठरा मिनिटांत निकाल जागेवर बसवले. अकरा हजार भरले का ते मोजून पाहिलं, मगच उठली.

गुरुजी गेल्यावर हणमंतराव तिच्यापाशी आले. “एक विचारू? तुला वरून दिसलं होतं ना? तो एंटर दाबायच्या आधी?”

“हाव.”

“मग बोलली काहून न्हाईस?”

“मागच्या वेळी बोलले होते, मालक. सरावावर पुसायले म्हणून सांगितलं होतं. कुणी ऐकलं? म्हणून आज पाटीला बोलू दिलं.”

हणमंतराव म्हणाले, “खरीचा जिम्मा आता तुझ्याकडं देतो. पण खरं सांगू, तुझं मला भ्या वाटायलंय.”

“वाटू द्या. भ्यालेला माणूस वाचून काम करतो.”

रविकिरण नोकरी सोडून गेला नाही. मेज दोनवरच राहिला, आता तिच्या हाताखाली. पहिल्याच आठवड्यात सत्यशीलानं चौदा ओळींना पंधरावी जोडली: मेज दोनवरून कुणी आत आलं की पाटीवर त्या मंगळवारची तारीखही लिही, प्रत्येक हुकुमाला, दिवसभर. सरावावर चालवून पाहिली. झकास चालली. ती थोडा वेळ त्या तारखेकडं पाहत बसली, आणि ओळ पुसली. दया आली म्हणून नव्हे. पाटीनं आत्ता काय चाललंय तेच सांगायचं असतं. मागचं सांगणारी पाटी खोटी, आणि खोटी पाटी तिनं आयुष्यात एकदाच, चुकून लावली होती.

कागदाची गोष्ट वेगळी. तो जारवर आहे. रविकिरण आता घरून बाटली भरून आणतो.

“अक्का, किती दिवस ठेवणार?” चांगुणानं एकदा पेला भरता भरता विचारलं. “पिवळा पडला की.”

“ज्यानं लावली त्यानंच काढायची,” सत्यशीला म्हणाली. “मी लावलीय.”

आणि शिडी खांद्यावर घेऊन ती पस्तिसावी केबल ओढायला गेली.